भटारखान्याची उतरंड आणि पडद्यावरची स्त्री

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑगस्त एस्कॉफिए या फ्रेंच शेफने लंडनच्या सॅव्हॉयसारख्या बड्या हॉटेलांच्या भटारखान्याला लष्करी शिस्त लावली. मुख्य शेफचा हुकूम, त्याखाली सॉस, मांस, मासे, गोड पदार्थ असे विभाग वाटून घेतलेले स्वयंपाकी आणि आज्ञेला उलट उत्तर नाही, अशा या उतरंडीला ‘ब्रिगेड’ म्हणतात. घरी रोज रांधणाऱ्या स्त्रीला या फौजेत जवळपास जागाच नव्हती, आणि चित्रपटांनीही ही वहिवाट दीर्घकाळ निमूट स्वीकारली.

गाब्रिएल आक्सेल यांच्या ‘बाबेट्स फीस्ट’ (१९८७) या डॅनिश चित्रपटात पॅरिस कम्यूनच्या पाडावानंतर परागंदा झालेली बाबेट दोन धर्मनिष्ठ बहिणींकडे स्वयंपाकीण म्हणून राबते, आणि ती पॅरिसच्या ‘काफे आंग्ले’ची मुख्य शेफ होती हे अगदी शेवटी उघड होते. तिची प्रतिभा चित्रपट मनापासून मान्य करतो, पण तिच्या हुकमतीखालचा भटारखाना तो एकदाही दाखवत नाही. मराठीतल्या ‘गुलाबजाम’मध्येही (२०१८) हातची चव राधाची असते आणि लंडनमधल्या रेस्टॉरंटचे स्वप्न आदित्यचे.

‘मोस्टली मार्था’ (२००१) या सांद्रा नेटेलबेक यांच्या जर्मन चित्रपटात स्त्री प्रत्यक्ष भटारखाना चालवताना दिसते, मात्र तिची काटेकोर शिस्त हा तिच्या स्वभावातला दोष ठरतो. मालकीण तिला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवते, आणि तिच्यात मोकळेपणा यावा म्हणून कथेला एका हसऱ्या इटालियन शेफची योजना करावी लागते. याउलट ‘बर्न्ट’ (२०१५) मधला ॲडम ताटे फोडतो, सहकारी स्त्रीच्या अंगावर धावून जातो, तरी त्याचा संताप प्रतिभेची किंमत म्हणून खपवला जातो. त्यालाही डॉक्टरकडे जावे लागते, पण मुख्यतः व्यसनाच्या चाचणीसाठी. एकच कठोरपणा पुरुषात तेज आणि स्त्रीत व्याधी मानणारी ही दृष्टी उघड नकारापेक्षा अधिक घातक आहे, कारण ती स्वागताच्या आवरणाखाली काम करते.

‘रॅटाटुई’ (२००७) मधली कोलेत ही उतरंड पुरुषांनी रचलेली असल्याचे स्पष्ट सुनावते. तिचे निदान अचूक आहे, तरीही कथा तिला नवख्या लिंग्विनीला शिकवण्याच्या कामाला जुंपते.

फिलिप बॅरंटिनी यांच्या ‘बॉयलिंग पॉइंट’ने (२०२१) प्रश्नाचा रोखच बदलला. एकाच सलग शॉटमध्ये चित्रित झालेल्या या चित्रपटात मुख्य शेफ अँडी खचत जातो, आणि भटारखाना सावरून धरते ती कार्ली, म्हणजे त्याच्या खालोखाल अधिकार असलेली ‘सू-शेफ’. स्त्री तिथे टिकेल का, याऐवजी माणसे मोडणारी ही रचना कोणाच्या श्रमावर उभी आहे, हे प्रेक्षकाला पाहावे लागते. २०२३मध्ये बीबीसीने याच कथेची पुढची मालिका केली, आणि तिच्यात कार्ली स्वतःच्या रेस्टॉरंटची मुख्य शेफ आहे.