अभय कोणापासून?

कुंभकोणमजवळ अय्यावाडी नावाचे एक लहान गाव आहे. तेथील अगस्त्येश्वराच्या देवळात सिंहमुखी प्रत्यंगिरा देवीचे स्थान असून दर अमावास्येला तिच्यापुढे होम होतो. या होमात सुक्या लाल मिरच्यांची आहुती दिली जाते, आणि इतक्या मिरच्या जळूनही ठसका लागत नाही हे भाविक देवीच्या सामर्थ्याचे प्रमाण मानतात. मराठी वाचकाला हा विधी सर्वस्वी परका वाटू नये. मुलाची दृष्ट काढून मीठ, मोहऱ्या, मिरच्या चुलीत टाकायच्या आणि ठसका लागला नाही तर दृष्ट जबर होती असे म्हणायचे, ही रीत महाराष्ट्रातून अजून पुरती गेलेली नाही. दोन्हीकडे मिरचीबरोबर जळावे अशी अपेक्षा असते ती दुसऱ्याच्या मनातील वाईटाची. प्रश्न उद्भवतो तो येथेच. वाईटाचे निवारण मागणारा माणूस वाईट करणाऱ्यासाठी काय मागत असतो?

अय्यावाडीची स्थळकथा या प्रश्नाला सोपे उत्तर देत नाही. इंद्रजिताने निकुंभिला यज्ञ करून याच देवीची आराधना केली असे ती सांगते. वनवासी पांडवही येथेच देवीला शरण आले आणि त्या पाचांवरून गावाला नाव पडले, असेही सांगते. वाल्मीकींच्या रामायणात निकुंभिला लंकेत आहे. परंतु स्थळकथेला स्वतःचा भूगोल असतो, त्यावर वाद घालण्यात हशील नाही. महत्त्वाचे हे की, एकाच दारात इंद्रजित आणि पांडव दोघेही याचक म्हणून उभे आहेत. इंद्रजित स्वतःला आक्रमक समजत नव्हता. चालून आलेल्या सैन्यापासून तो पित्याची नगरी राखीत होता. रामायणात त्याचा होम मोडतो तो लक्ष्मणाने केलेल्या हल्ल्यामुळे, देवतेच्या नकारामुळे नव्हे. प्रत्येक याचक स्वतःला पीडितच समजतो, ही गोष्ट कथेने जणू गृहीत धरली आहे.

देवीचे नावही विचार करण्याजोगे आहे. अथर्ववेदाला ‘अथर्वांगिरस’ असे जुने नाव आहे. त्यातील अथर्वन् हा भाग शांतिकर्माशी, तर अंगिरस हा घोर कर्माशी, म्हणजे अभिचाराशी, जोडला जातो. तो अभिचार उलटविणारी ती प्रत्यंगिरा. त्या वेदाच्या दहाव्या कांडात कृत्येला, म्हणजे कोणावर तरी सोडलेल्या मारक शक्तीला, तिच्या कर्त्याकडे परत जाण्यास सांगणारे सूक्त आहे. म्हणजे ही शक्ती पहिला प्रहार करीत नाही. आलेला प्रहार परतविते. हे मान्य केले की एक अवघड निष्कर्षही मान्य करावा लागतो. शेजाऱ्याचे वाटोळे व्हावे अशी इच्छा घेऊन जो तिच्यापुढे उभा राहतो, तो स्वतःच कृत्येचा कर्ता ठरतो. परतणाऱ्या शस्त्राला याचक आणि शत्रू हा भेद ठाऊक नसतो.

जवळच्या त्रिभुवनम् येथील, तिसऱ्या कुलोत्तुंग चोळाने उभारलेल्या कंपहरेश्वराच्या मंदिरात शरभेश्वराची उपासना चालते. हिरण्यकशिपूचा वध करूनही नरसिंहाचा क्रोध शमेना, तेव्हा शिवाने शरभरूप घेतले आणि त्याच्या पंखांत प्रत्यंगिरा व शूलिनी या शक्ती होत्या, अशी शैव कथा आहे. वैष्णव परंपरेला ती मान्य नाही. तिच्यात शरभावर मात करणारा गंडभेरुंड येतो. पंथांची स्पर्धा बाजूला ठेवली तरी दोन्ही कथांत एक भय समान आहे: रक्षकाचा क्रोध कार्य संपल्यावर आपोआप थांबत नाही. त्याला आवरण्यासाठी दुसरा रक्षक लागतो, आणि त्याला आवरण्यासाठी तिसरा.

यावर एक आक्षेप न्याय्य आहे. ज्याची जमीन बळकावली गेली, जिला सासरी रोज मारहाण होते, ज्याचे गाऱ्हाणे कोणतीही कचेरी ऐकत नाही, त्याने देवीपुढे शत्रूचे नाव घेतले तर त्याला क्षमेचा उपदेश करण्याचा अधिकार सुरक्षित माणसाला कोणी दिला? तो अधिकार कोणालाच नाही. दुर्बलाचा शाप ही पुष्कळदा न मिळालेल्या न्यायाची मागणी असते.

कुंभकोणमचा हा प्रदेश १७९९ पर्यंत तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात होता. त्यांची कुलदेवता तुळजाभवानी. तिचे नाव त्या घराण्यातील राजांनीही धारण केले. त्याच भवानीला उद्देशून एकनाथांनी एका सासुरवाशिणीचे भारूड रचले आहे. ती रोडगा वाहण्याचा नवस बोलते आणि एकेका सासरच्या माणसाचे निर्दालन मागते. ऐकणारा प्रथम हसतो. पण ते सासर आपल्याच आत वसलेले आहे, हे उमगल्यावर हसू ओसरते. ज्ञानेश्वरांचे पसायदान त्याही पुढे जाते. त्यात दुष्टांचा नाश मागितलेला नाही. त्यांच्यातील दुष्टपणा जावा एवढेच मागितले आहे. हे सुखवस्तूचे औदार्य नव्हे. परंपरा सांगते त्याप्रमाणे ज्याच्या आईवडिलांना समाजाने देहान्त प्रायश्चित्त दिले, त्या मुलाची ही मागणी आहे. म्हणूनच ती करण्याचा अधिकार त्याला पोहोचतो. आणि म्हणूनच ती दुसऱ्यावर लादताही येत नाही.

अमावास्येच्या होमात मिरच्या जळून जातात. त्यांच्याबरोबर शत्रू जळावा की शत्रुत्व, हे मात्र त्या अग्नीला ठरविता येत नाही. ते आहुती देणाऱ्यालाच ठरवावे लागते.