दैवाच्या खात्यावर

क्रिकेटच्या खेळाविषयीं आपल्याकडे दोन मतें सारख्याच आग्रहानें मांडलीं जातात. एक असें कीं, ज्याच्या नांवावर धांवा अधिक तो खेळाडू मोठा. आंकडा कोणाची भीड धरीत नाहीं. दुसरें असें कीं, हा सगळा दैवाचा खेळ आहे. गंमत अशी कीं, एकच गृहस्थ सकाळीं वर्तमानपत्र वाचतांना पहिलें मत ठांसून सांगतो आणि आपला आवडता फलंदाज शून्यावर बाद झाला म्हणजे सायंकाळीं दुसऱ्याचा आश्रय करतो. या दोहोंतील खरें कोणतें हें ठरविण्यापूर्वीं, 'दैव' या शब्दाच्या पोटांत आपण काय काय कोंबतों तें एकदां तपासून पाहणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

आम्ही येरवड्यास राहतों. तेथून नदी ओलांडून बंडगार्डनच्या रस्त्यानें छावणीकडे निघालें कीं वाटेंत पूना क्लबचें मैदान लागतें. १९४८ च्या डिसेंबरांत या मैदानावर रणजी करंडकासाठीं महाराष्ट्र व काठेवाड यांचा सामना झाला. काठेवाडचा डाव २३८ धांवांत आटोपला. महाराष्ट्रानें अवघे चार गडी गमावून ८२६ धांवा केल्या, आणि त्यांपैकीं ४४३ एकट्या भाऊसाहेब निंबाळकरांच्या होत्या. ते अद्याप नाबाद होते. ब्रॅडमनचा १९३० सालचा ४५२ धांवांचा विक्रम गांठावयास नऊच धांवा उरल्या होत्या. इतक्यांत, तिसऱ्या दिवशीं खेळ मध्यंतरासाठीं थांबला असतां, काठेवाडचे कर्णधार राजकोटचे ठाकोरसाहेब यांनीं सामना सोडून दिला. असल्या विक्रमाशीं आपल्या संघाचें नांव जोडलें जाऊं नये, अशी त्यांची इच्छा होती असें सांगतात. निंबाळकर तेथेंच राहिले.

या हकीगतीवर 'काय हें दुर्दैव!' हा एकच उद्गार आम्हीं आजवर ऐकला आहे. पण त्या दिवशीं पाऊस कोसळला नव्हता, उजेड कमी झाला नव्हता, कीं एखादा चेंडू खेळपट्टीवरून अकल्पितपणें सरपटत गेला नव्हता. एका शहाण्यासुरत्या मनुष्यानें विचार केला व निर्णय घेतला, इतकेंच घडलें. त्या निर्णयाची बाजू मांडतां येत नाहीं असें नव्हे. महाराष्ट्राची आघाडी ५८८ धांवांची होती. पहिल्या डावाच्या जोरावर सामन्याचा निकाल लागल्यासारखाच होता. पुढची फलंदाजी केवळ विक्रमासाठीं चालली होती. दुसऱ्याच्या कीर्तीसाठीं आपल्या अकरा गड्यांनीं उन्हांत कां धांवावें, असें कोणी विचारलें तर तो प्रश्न अगदींच टाकाऊ नाहीं. तरीहि आमचें मत ठाकोरसाहेबांच्या विरुद्ध जातें. समोरचा संघ खेळत आहे तोंवर क्षेत्ररक्षण करीत राहणें हा या खेळांत उतरतांनाच पत्करलेला भाग आहे, आणि पराभवापेक्षां पराभवाची नोंद टाळण्याची धडपड आम्हांस कमी दर्जाची वाटते. वाचकांस आमचें म्हणणें पटो अथवा न पटो. ठाकोरसाहेबांवर रागावतां येतें किंवा त्यांची बाजू घेतां येते, एवढें तर कबूल व्हावें. पावसावर कोणी रागावत नाहीं.

खरें दैव कसें असतें तें पाहावयाचें असेल तर ब्रायन लारा याची १९९४ मधील खेळी घ्यावी. इंग्लंडांत वॉरिकशायरकडून डरॅमविरुद्ध खेळतांना बारा धांवांवर त्याचा त्रिफळा उडाला. पण तो चेंडू नो-बॉल ठरला. अठरा धांवांवर यष्टिरक्षकाच्या हातून त्याचा झेल सुटला. पुढें त्यानें नाबाद ५०१ धांवा केल्या. कोणी हिशेबी गृहस्थ म्हणतील कीं, न्यायानें त्याच्या धांवा अठराच. हा हिशेब आम्हांस मान्य नाहीं. उरलेल्या ४८३ धांवा यष्टिरक्षकानें काढून दिल्या नाहींत. मात्र अठरा धांवांवर ज्यांचे झेल टिपले गेले, अशा असंख्य फलंदाजांविषयीं मत बनवितांना थोडा हात सैल सोडावा, असें या उदाहरणावरून आम्हांस वाटतें. लाराचें श्रेय कमी करण्याचें कारण नाहीं. त्या बिचाऱ्यांचें आपण फारच कमी धरीत आलों आहों. गीतेच्या अठराव्या अध्यायांत कर्माच्या सिद्धीचीं पांच कारणें सांगितलीं आहेत. त्यांत कर्ता दुसरा आणि दैव पांचवें. आपल्या बोलण्यांत तें पहिल्या जागीं कधीं येऊन बसलें कोण जाणे!

निंबाळकरांच्याच आयुष्यांत हे दोन्ही प्रकार शेजारीं शेजारीं दिसतात. १९३६ नंतर १९४६ पर्यंत हिंदुस्थानास एकहि कसोटी सामना खेळावयास मिळाला नाहीं. निंबाळकरांच्या ऐन उमेदीचीं कित्येक वर्षें महायुद्धानें नेलीं. हें दैवाच्या खात्यावर खुशाल मांडावें. पण ४४३ धांवांची ती खेळी झाली तेव्हां वेस्ट इंडीजचा संघ याच देशांत होता. मुंबईचा कसोटी सामना संपून तीन-चार दिवसच झाले होते, आणि कलकत्ता, मद्रास व पुन्हां मुंबई असे तीन सामने व्हावयाचे होते. त्यांपैकीं एकाहि सामन्यांत निंबाळकर खेळले नाहींत; पुढेंहि त्यांस अधिकृत कसोटी सामना कधींच मिळाला नाहीं. काठेवाडची गोलंदाजी दुबळी होती, असें निवड करणाऱ्यांस वाटलें असेल. तो विचार गैर म्हणतां येत नाहीं. परंतु तो विचार कोणा माणसाचा होता, आणि त्याचें उत्तर माणसाकडेच मागावयास हवें.

'दैव' या शब्दानें किती मोठें ओझें झांकलें जातें, हें पालवणकर बाळू यांच्या चरित्रांत आणखी स्पष्ट दिसतें. चर्मकार समाजांत जन्मलेला हा डावखुरा गोलंदाज पुण्याच्या युरोपियन क्लबांत खेळपट्टी झाडण्याचें व साहेबलोकांस सरावासाठीं चेंडू टाकण्याचें काम करी. पुढें हिंदूंच्या संघानें त्यास घेतलें. मैदानावर चेंडू सर्वांच्या हातांतून जाई, पण मध्यंतरीं बाळूंचा चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यांत येई. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत सर्व सामने मिळून त्यांनीं शंभरावर बळी घेतले. हिंदु संघाचें कर्णधारपद मात्र त्यांस कधींच लाभलें नाहीं. 'जन्मच तसा, दैवाला कोण काय करणार', असें म्हणणारे तेव्हां पुष्कळ असतील. १९२३ सालीं तेंच कर्णधारपद त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांस मिळालें. दोघांचा जन्म एकाच घरीं झालेला होता. पुढें २४ सप्टेंबर १९३२ रोजीं आमच्या येरवड्याच्या तुरुंगांत जो करार झाला, त्याखालीं सह्या करणाऱ्यांत पी. बाळू हेंहि एक नांव आहे.