थांबायचे कुणी?

१ जानेवारी २०२४ ला मी भोपाळात अडकलो. रविवारपुरता मुलीकडे गेलो होतो. परतायला निघालो, तर बसस्थानकावर गाडी हलेना. ट्रकवाल्यांबरोबर बसचालकही संपावर; टँकर थांबल्याच्या धास्तीने पेट्रोलपंपांवर ही रांग! मी चिडलो, हे कबूल करतो. माणूस चिरडून पळणाऱ्याला शिक्षा नको, तर काय सत्कार करायचा?

संपाचे कारण होते भारतीय न्याय संहितेचे कलम १०६(२). बेदरकारपणे गाडी चालवून कुणाचा जीव गेला आणि चालक पोलिसांना वा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळाला, तर दहा वर्षांपर्यंत कैद. जुन्या ३०४-अ मध्ये जास्तीत जास्त दोन वर्षे होती.

वरूडला परतल्यावर, मृगाच्या संत्र्याच्या तोडणीत, एक जुना विद्यार्थी भेटला. दहावीत दोनदा गणितात अडकला, मग संत्र्याच्या गाडीवर किन्नर, आता पक्का ड्रायव्हर. त्याला सरळच विचारले. म्हणाला, "सर, थांबलो त लोक जित्तं सोडतीन काय?"

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ काढून पाहिले. चालकाने जखमीला दवाखान्यात पोचवावे. मात्र जमावाच्या क्षोभामुळे ते शक्य नसेल तर सूट. म्हणजे आपण कसे आहोत, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते! एम. ए. ला कांट वाचला होता. जे करणे माणसाच्या आवाक्यात असेल, तेच त्याचे कर्तव्य ठरू शकते, हा त्याचा मुद्दा तेव्हा परीक्षेपुरता कळला होता.

तरीही पुढच्या ठाण्यावर जाऊन कळवणे आवाक्यात असतेच ना? मी तसे म्हणालो. तो गप्प झाला. नंतर कळले, दोन रात्री त्याला झोप नव्हती. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकाला दिवसाचे आठ तास ठरवून दिले होते. पण एकदोन गाड्यांच्या मालकापर्यंत तो कायदा सहसा पोचलाच नाही. हे सांगितल्यावर तो हसला. "आठ घंट्यात संत्रा दिल्लीले पोचते काय, सर?" पळणाऱ्याच्या पापात झोप हिरावणाऱ्यांचा वाटा किती? आणि ताजे फळ मागणाऱ्यांचा? मला हिशेब जमला नाही.

संपाच्या दुसऱ्याच दिवशी भोपाळजवळच्या शाजापुरात चालकांच्या बैठकीत जिल्हाधिकाऱ्याने एका चालकाची 'औकात' काढली. मुख्यमंत्र्यांनी त्याला ३ जानेवारीला पदावरून हटवले. १ जुलैला संहिता लागू झाली, तेव्हा ते पोटकलमही बाजूला ठेवले गेले.

आता आमच्याकडे हंगामात गाड्या उभ्या असतात आणि मालक ड्रायव्हर मिळत नाही म्हणून कपाळावर हात मारतात. मिळणार कुठून? "अभ्यास नाही केलास तर ट्रकवर जाशील," असे आम्हीच वर्गावर्गांतून सांगत आलो. शाजापुरातला शब्द तेवढा आम्ही वापरला नाही. या मुलालाही मी ते म्हटले होते, शाळेच्या व्हरांड्यात, सगळ्यांदेखत. तो विसरला असावा. निदान चहाचे पैसे त्यानेच दिले.