दोन जिवांची

सातव्या महिन्यातलं डोहाळजेवण. हिरवी साडी, फुलांची वाडी, ताटाभोवती रांगोळी आणि झाकलेल्या वाट्यांतून ‘पेढा की बर्फी’चा खेळ. त्या दिवशी ती पहिल्या पंगतीला बसते. दुसऱ्या दिवशी मात्र सगळ्यांची जेवणं आटोपल्यावर पातेल्यात उरलेलं तिचं.

‘दोन जिवांची आहेस, पोटभर खा,’ असं आपण म्हणतो. यातला दुसरा जीव आपण नीट मोजतो, पहिला विसरतो.

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या निम्म्याहून अधिक गर्भवती रक्तक्षयाने ग्रासलेल्या आहेत. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे ४६ टक्के. रक्त कमी असलं की अंगात त्राण राहत नाही, कशात मन लागत नाही. नैराश्यातही हेच होतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की विकसनशील देशांत गरोदरपणी शंभरातल्या साधारण सोळा आणि बाळंतपणानंतर वीस स्त्रियांना मानसिक आजार गाठतो; त्यात नैराश्य मुख्य. आपण मात्र ‘या दिवसांत असं होतंच’ म्हणून मोकळे होतो.

लोह, फोलेट, बी-१२ मेंदूच्या कामालाही लागतात, हे खरं. पण नैराश्याचं सगळं खापर ताटावर फोडता येत नाही. मन खचलं की घास उतरत नाही. गरिबी आणि घरातला जाच भूकही मारतात आणि मनही. ऑस्ट्रेलियात सुमारे २,४०० गर्भवतींवर माशाच्या तेलाच्या कॅप्सूलचा प्रयोग झाला. २०१०मध्ये निष्कर्ष आला : बाळंतपणानंतरचं नैराश्य त्यामुळे कमी झालं नाही. लोहाची गोळी रक्तासाठी घ्यायलाच हवी, पण एकटेपणावर ती उतारा नाही.

महाराष्ट्राच्या आदिवासी भागातल्या अमृत आहार योजनेत गर्भवतीला रोज एक गरम, चौरस जेवण अंगणवाडीत मिळतं. घरी नेलेला शिधा साऱ्या घरात वाटला जातो. इथे वाढलेलं ताट तिचंच असतं, आणि शेजारी चार बायका जेवत असतात.

घरात हे करायला योजना लागत नाही. आज रात्री तिला सगळ्यांबरोबर वाढा. ‘बाळ हलतं का?’ विचारण्याआधी ‘तुला कसं वाटतंय?’ विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. दोन आठवडे उदासी हटली नाही, तर डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही मोफत आहे.