कडी कोणत्या बाजूला?

माणसाने बँकेत नोकरी जरूर करावी, पण घरच्यांना ती कळू देऊ नये. कळली की घरातल्या प्रत्येक वस्तूची 'सिक्युरिटी' तपासण्याचे काम त्याच्या गळ्यात पडते. जो मनुष्य दिवसभर दुसऱ्यांच्या पैशांची राखण करतो, त्याला निदान एक कुलूप तरी धड निवडता यावे, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत आहे. बावीस वर्षांच्या नोकरीत मी घरासाठी निवडलेले एकही कुलूप वर्षभर टिकलेले नाही, ही गोष्ट अलाहिदा.

त्यामुळे आमच्या कन्येने आठवीत बरे गुण मिळवले आणि बक्षीस म्हणून 'लव्हबर्ड'ची जोडी मागितली, तेव्हा कामांची वाटणी आपोआप झाली. पक्षी तिने निवडायचे, त्यांचे रंग सौ.ने निवडायचे आणि पिंजरा अस्मादिकांनी. "अहो, नीट बघून आणा हं, सेफ पाहिजे," असे सौ.ने बजावले. सेफ म्हणजे काय, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. बी.कॉम.ला तो अभ्यासक्रमात नव्हता.

खरे म्हणजे सौ.ला हिरवा, लाल चोचीचा, 'या, बसा' म्हणणारा राघू हवा होता. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपला देशी पोपट पकडणे, विकणे आणि घरात कोंडणे गुन्हा ठरतो. बँकेतल्या माणसाला चौकशी हा शब्द नुसता ऐकवला तरी त्याची भूक मरते. तेव्हा राघू रद्द झाला आणि लव्हबर्ड मंजूर झाले. पुढे कळले की आपण ज्यांना लव्हबर्ड म्हणतो ते लव्हबर्ड नसतातच. खरे लव्हबर्ड आफ्रिकेचे. आपल्याकडे मिळतात ते ऑस्ट्रेलियाचे बजरीगर. तिथल्या कोरड्या माळरानावर ते पाण्याच्या शोधात थव्याथव्याने हिंडत असतात. १८४० साली जॉन गूल्ड नावाच्या पक्षितज्ज्ञाने ते जिवंत इंग्लंडात नेले आणि तेव्हापासून त्यांच्या पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यातच जन्माला येऊ लागल्या. थोडक्यात, त्यांची नोकरीही वंशपरंपरागत, बदली मात्र कधीच नाही.

आमच्या जोडीतला निळा स्थूल आणि शांत, तर पिवळा सारखा चुळबुळणारा. मी त्यांची नावे 'मुद्दल' आणि 'व्याज' अशी ठेवली. घरात कोणी हसले नाही.

मेन रोडवरच्या एका दुकानात मी पिंजरे पाहायला गेलो. दुकानदाराने एक सोनेरी, गोल, घुमटाचा पिंजरा पुढे केला. दिसायला राजवाड्यासारखा. तो म्हणाला, "साहेब, एकदम सेफ. एकदा आत गेला की बाहेर यायची बातच नाही." आमच्या बँकेत कर्ज घ्यायला आलेल्या माणसाला हे वाक्य कोणी ऐकवत नाही, एवढाच काय तो फरक.

पण मी पडलो कारकून. चार ठिकाणी चौकशी केल्याशिवाय सही करायची नाही, ही सवय. पक्षी पाळणाऱ्यांना विचारले, जनावरांच्या डॉक्टरांना गाठले, पुस्तके चाळली आणि कर्जाच्या प्रकरणासारखी एक फाईल तयार केली. तिच्यात जे निघाले ते असे. पिंजरा गोल नको, कारण घुमटाच्या टोकाला तारा जवळजवळ येतात आणि तिथे पक्ष्याची बोटे अडकतात. शिवाय भेदरलेल्या जिवाला पाठ टेकायला कोपरा मिळत नाही. तारांमधले अंतर अर्ध्या इंचाहून जास्त नको. नाहीतर तीस-चाळीस ग्रॅमचा हा जीव डोके बाहेर काढतो आणि मग ते आत घेता येत नाही. (कर्जदाराचेही असेच होते.) जस्ताचा मुलामा दिलेली स्वस्त जाळी नको, कारण हे पक्षी दिसेल ते चोचीने कुरतडतात आणि जस्त पोटात गेले की विषबाधा होते. बसायला एकसारख्या गुळगुळीत दांड्या नकोत, पेरूच्या जाड-बारीक फांद्या हव्यात. नाहीतर तळपायांना फोड येतात. पिंजरा स्वयंपाकघरात तर मुळीच नको. नॉनस्टिकचा रिकामा तवा गॅसवर विसरला आणि बेसुमार तापला, तर त्यातून निघणारा वायू आपल्याला कळतही नाही, पण पक्षी मिनिटांत मान टाकतो. वर सरकणारे दार असेल तर त्याला कडी पाहिजे. पक्षी ते चोचीने उचलून मान घालतो आणि दार मानेवर पडते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उंचीपेक्षा लांबी हवी. पक्षी काही लिफ्टने वर जात नाही, तो आडवा उडतो. जोडीला निदान अडीच फूट.

ही यादी वाचताना मला एकदम चमकल्यासारखे झाले. दुकानदाराचे 'सेफ' आणि या यादीतले 'सेफ' हे दोन निरनिराळे शब्द होते. त्याचा पिंजरा माझ्यासाठी सुरक्षित होता, म्हणजे माझा माल पळणार नव्हता. यादीतला पिंजरा पक्ष्यासाठी सुरक्षित होता. दोन्हींवर पाटी एकच.

आमच्या बँकेत एक शब्द आहे, 'तारण'. किती गोड शब्द! ऐकणाऱ्याला वाटावे, चला, आता आपण तरलो. पण ज्याचे तारण असते तो तरत नाही, तरते ती बँक. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शाखेत रोखपाल जाळीच्या पिंजऱ्यात बसत असे. तीन वर्षे मीही त्यात बसलो. दाराला आतून कडी होती, तरी बाहेरून शिपाई ते ओढून पाहायचा. तो पिंजरा माझ्या सुरक्षिततेसाठी आहे, असे मला सांगण्यात आले होते. एकदा जिन्यात शॉर्ट सर्किट होऊन धूर झाला, तेव्हा वरिष्ठांचा पहिला प्रश्न होता, "कॅश आत आहे ना?" कॅश आत होती. मीही होतो.

तर सांगायचे काय, लांबट, चौकोनी, बारीक तारांचा पिंजरा मी शेवटी घरी आणला आणि दिवाणखान्यात पट्टी घेऊन तारांमधले अंतर मोजत बसलो. आई खुर्चीतून पाहत होती.

आईबद्दल थोडे सांगायला हवे. ती शहात्तर वर्षांची आहे. तिचे सारे आयुष्य जुन्या नाशकात, तिवंध्याजवळच्या वाड्यात गेले. रोज सकाळी गंगेवर जायचे, रामकुंडापाशी दोन ओळखीच्या बायकांशी बोलायचे आणि येताना भाजी आणायची, हा तिचा नेम. (गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो.) दोन वर्षांपूर्वी ती न्हाणीत पडली आणि खुब्याचे ऑपरेशन झाले. मग आम्ही तिला गंगापूर रोडवरच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर आणले. गॅलरीला ग्रिल लावले, न्हाणीत दांडे बसवले आणि आम्ही दोघे कामावर निघालो की बाहेरून कुलूप लावू लागलो. किल्ली शेजारी. ती एकटी जिना उतरायला जाऊ नये, एवढ्याचसाठी.

आईने विचारले, "तारा टोचणार नाहीत ना रे त्यांना?"

"नाही. सगळं बघून आणलंय."

"बरं केलंस. आणि कडी कोणत्या बाजूला आहे?"

"बाहेरून. आई, पक्ष्यांना कडी आतून कशी देणार?"

"हो, ते खरं," आई म्हणाली. "पक्ष्यांना नाहीच देता येत." आणि काठी टेकत ती तिच्या खोलीत गेली.

मी बराच वेळ पट्टी हातात धरून बसलो होतो. अंतर बरोबर अर्धा इंच होते.

माझ्यासारख्या भाबड्या माणसाला अशा वेळी पहिला उपाय सुचतो तो दार उघडून टाकण्याचा. पण तो मी एकदा करून बसलो आहे. नऊ वर्षांचा असताना, आजोबांच्या राघूची दया येऊन मी दुपारी पिंजऱ्याचे दार उघडले. राघू तुळशीवृंदावनापर्यंत गेला. त्याच्या पंखांत तेवढाच दम होता. बोक्याच्या पायांत मात्र त्याहून जास्त होता. आजोबा मला रागावले नाहीत, आणि ते मी अजून विसरलेलो नाही. ज्याची उडण्याची सवयच मोडली आहे त्याला एका दुपारी आकाश बहाल करणे म्हणजे दिवाळखोराच्या हाती कोरा चेक देणे. मुद्दल आणि व्याज यांना मी आज सोडले तर त्यांनी जायचे कुठे? ऑस्ट्रेलियाला? वाटेत कावळे आहेत, घारी आहेत, आणि संक्रांतीला, बंदी असूनही, नायलॉनचा मांजा आहे.

म्हणजे दार उघडणे हा धर्म नव्हे आणि बंद करणे हाही नव्हे. मग काय? कन्येच्या शाळेची सहल गेल्या थंडीत नांदूर मध्यमेश्वरला गेली होती, तिच्याबरोबर पालक म्हणून मीही गेलो होतो. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथला हा जलाशय १९८६ साली अभयारण्य झाला आणि पुढे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ. तिथे हजारो पक्षी येतात, राहतात, जातात. पिंजरा एकही नाही. तरी ते सुरक्षित आहेत. कारण तिथे बंधने आहेत ती माणसांवर. ज्याच्यापासून धोका आहे त्याला आवरायचे, ज्याला धोका आहे त्याला नव्हे, एवढी साधी ही युक्ती. आम्ही घरी नेमके उलटे करून बसलो होतो. जिना धोक्याचा, आणि कुलूप आईला.

मी हे सौ.ला बोलून दाखवले. ती म्हणाली, "अहो, बोलायला सोपं आहे. त्या पुन्हा पडल्या तर तीन महिने बेडपॅन कोण देणार? मागच्या वेळी रजा कोणी काढली होती?" यावर उत्तर नव्हते. रजा तिनेच काढली होती. माझी तेव्हा इयर एंडिंगची गडबड होती. पिंजऱ्याबद्दल तत्त्वज्ञान सांगणारा मनुष्य सहसा पिंजरा साफ करणारा नसतो, हे मला त्या दिवशी कळले.

आई आतून ऐकत होती. म्हातारपणी ऐकू कमी येते, पण नको ते नव्हे. बाहेर येऊन ती म्हणाली, "आपण टाकेदला गेलो होतो, आठवतं? जटायू काय तरुण होता का रे?"

इगतपुरी तालुक्यातल्या सर्वतीर्थ टाकेदला जटायूने प्राण सोडला, अशी आमच्याकडची श्रद्धा. पंचवटीत यात्रेकरूंना लक्ष्मणरेषेची जागाही दाखवतात. ती रेषा वाल्मीकींच्या रामायणात नाही, पण आमच्या घरात होती. म्हाताऱ्या जटायूला जर कोणी 'फांदीवर बसून राहा, पडशील' असे प्रेमाने सांगितले असते, तर तो खात्रीने सुरक्षित राहिला असता. आणि टाकेदला आज कोणी गेले नसते.

मग आम्ही तिघे बसलो आणि कर्जाच्या अटी ठरवतात तशा अटी ठरवल्या. पक्ष्यांचे स्वातंत्र्य हे मुद्दल. ते फेडणे आता माझ्या हाती नाही. पण व्याज रोज भरायचे. संध्याकाळी तासभर पिंजऱ्याचे दार उघडायचे, त्याआधी खिडक्या लावायच्या, पंखा बंद करायचा, आरशावर चादर टाकायची आणि स्वयंपाकघराचे दार ओढायचे. आईचे प्रकरण मात्र वेगळे निघाले. ती कर्ज नव्हतीच. तिचे खाते तिचेच होते. आम्ही परस्पर त्यावर 'अज्ञान' असा शिक्का मारून पालक म्हणून सह्या करत होतो. बाहेरचे कुलूप काढले. कडी आता आतून आहे आणि एक किल्ली तिच्या कनवटीला. न्हाणीतले दांडे राहिले. ते तिलाही हवे आहेत. जिन्याला दुसरा कठडा सोसायटीकडून मी भांडून बसवून घेतला. रविवारी रिक्षाने रामकुंड. आणि कधी पडली तर रजा मी काढायची, हे सौ.ने माझ्याकडून कागदावर लिहून घेतले आहे, सहीसकट.

ती पुन्हा पडू शकते. ही भीती गेलेली नाही, ती फक्त तिच्या खात्यातून माझ्या खात्यात वर्ग झाली आहे. तिची जागा तीच होती.

काल संध्याकाळी कन्येने पिंजऱ्याचे दार उघडले. व्याज ताबडतोब बाहेर येऊन पडद्यावर हिंडू लागले, मुद्दल जागच्या जागी राहिले. बावीस वर्षे बँकेत मी दुसरे काय पाहिले? आई काठी घेऊन, दर पायरीवर थांबत, एकटीच खाली गेली होती. ती नीट पोचली की नाही हे पाहायला मी ग्रिलची खिडकी उघडून, अर्धा बाहेर वाकून उभा होतो. खाली अंगणातून तिने वर पाहिले आणि सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली,

"अरे, आत हो आधी! पडशील!"