होतकरूंचे साक्षीदार

“हा वर जाईल का?” अमेरिकेतल्या मायनर लीग बेसबॉलविषयी जे काही बोलले-लिहिले जाते, ते या एका प्रश्नाभोवती फिरते. वर म्हणजे मेजर लीगमध्ये. मायकेल लुईस यांचे ‘मनीबॉल’ हे पुस्तक २००३ साली आले, तेव्हापासून या प्रश्नाचे उत्तर कोणी द्यायचे यावर भांडण चालू आहे : डोळ्याने की आकड्याने? या भांडणात मला आता रस उरलेला नाही. खेळाडूकडे बघायचे ते त्याचे भविष्य वर्तवण्यासाठीच, हे दोन्ही बाजूंनी न तपासता गृहीत धरले आहे. रोज संध्याकाळी गावातल्या मैदानावर येऊन वहीत नोंदी करणारा साधा प्रेक्षक त्यामुळे दोन्हीकडून मोडीत निघतो. डोळ्यावर विसंबणारा स्काउट म्हणतो, याला पारख नाही. आकड्यावर विसंबणारा विश्लेषक म्हणतो, याच्याकडे डेटा नाही. माझे म्हणणे असे की हा माणूस पारख करायला बसलेलाच नसतो.

व्यवस्था थोडक्यात सांगतो. ब्रँच रिकी यांनी १९२०च्या दशकात सेंट लुईस कार्डिनल्ससाठी लहान गावांतले संघ हाताशी धरून खेळाडू ‘पिकवायला’ सुरुवात केली, आणि त्या रचनेला शेतीचेच नाव पडले. आज मेजर लीगच्या ३० क्लबांशी जोडलेले चार पातळ्यांवरचे १२० संघ आहेत. २०२१च्या फेररचनेपूर्वी ते १६० होते, म्हणजे चाळीसेक गावांचा हा धागा एका हिवाळ्यात तुटला. मैदान आणि तिकिटे स्थानिक मालकाची, पण खेळाडू, त्यांचा पगार आणि त्यांनी काय करायचे याचे हुकूम वरच्या क्लबचे. पिचरला सांगितलेले असते की आज वळणारा कर्व्हबॉल विसर, संथ चेंजअपवर काम कर. तो पाच धावा देतो, सामना हरतो आणि वरचे लोक समाधानी असतात. धावफलकावर त्यातले काहीच दिसत नाही. आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या क्रिकेटरसिकाला चटकन उमजणार नाही. इथे खेळाडू बहरात आला की त्याच रात्री त्याला वर बोलावणे येते. प्रेक्षकाने ज्याला तीन महिने घडताना पाहिले, तो घडला त्या क्षणी गावातून नाहीसा होतो.

मी दोन उन्हाळे मुलीकडे नॉर्थ कॅरोलायनात राहिलो आणि डरहॅमच्या मैदानावर बरेच सामने पाहिले. माझ्या पुढच्या रांगेत एक वयस्कर बाई बसत. मांडीवर धावनोंदीची वही आणि दोन पेन्सिली. एका तरुण शॉर्टस्टॉपच्या नावापुढे त्यांनी तीन दिवस एकच खूण केली होती : बाहेर खाली पडणाऱ्या कर्व्हबॉलवर बॅट फिरवून बाद. चौथ्या दिवशी तोच चेंडू आला, मुलाची बॅट खांद्यावरून जेमतेम हलली आणि थांबली. पुढच्याच चेंडूवर तो साधा झेल देऊन बाद झाला. बाईंनी समासात दोन शब्द लिहिले, ते मला वाचून दाखवले आणि मान हलवली. मराठीत त्यांचा अर्थ इतकाच : आज सोडला.

डेटावाद्याचे उत्तर मला ठाऊक आहे आणि ते मी गंभीरपणे घेतो. तो म्हणेल, यात बाईंनी वेगळे काय पाहिले? स्टेडियममधले कॅमेरे प्रत्येक चेंडूचा वेग, फिरकी आणि वळण मोजतात. फलंदाज स्ट्राइकच्या क्षेत्राबाहेरच्या किती चेंडूंच्या मागे जातो याची टक्केवारी निघते. तो मुलगा सुधारला असेल तर ते आकड्यात येईलच, बाईंच्या समासाची गरज काय? मुलगा वर जाईल का एवढाच प्रश्न असेल, तर हे म्हणणे बरोबर आहे, आणि ते मी हातचे न राखता मान्य करतो. शेकडो चेंडूंची टक्केवारी त्या दोन शब्दांपेक्षा भरवशाची आहे.

पण टक्केवारी शेकडो चेंडूंनंतर जन्माला येते. त्या संध्याकाळी कॅमेऱ्याने नोंदले ते एवढेच की चेंडू क्षेत्राबाहेर होता आणि फलंदाजाने तो सोडला. तसे चेंडू त्या सामन्यात डझनावारी असतील. त्यांतला हा एक निराळा होता, हे कळायला आदले तीन दिवस त्याच मुलाकडे बघत बसलेले कोणीतरी लागते. प्रश्न आधी सुचला तर आकडा उत्तर देतो. प्रश्न सुचण्याची जागा मात्र त्या खुर्चीत आहे. डेटावाद्याचा दुसरा मुद्दा, की माणसाची आठवण फसवी असते, तोही खरा आहे. म्हणूनच तर वही. त्या दिवशी पेन्सिलीने लिहिलेल्या नोंदीला निकाल माहीत नसतो आणि मागाहून तिला शहाणे होता येत नाही. खेळाडू मोठा झाला की सगळ्यांनाच आठवते की आपल्याला आधीच कळले होते. आझाद मैदानावर १९८८ साली तेंडुलकर-कांबळी यांची ६६४ धावांची भागीदारी झाली. तिच्या ज्या आठवणी मी ऐकल्या, त्या सगळ्या पुढचा तेंडुलकर माहीत झाल्यानंतरच्या आहेत. त्या दिवशीचा, अजून काहीच न झालेला मुलगा त्या आठवणींत सापडत नाही. आणि तिसरी गोष्ट : तो डेटा कोणाचा? खालच्या पातळ्यांवरचा बराचसा क्लबांच्या कुलपात असतो. माणसाच्या उमेदवारीच्या वर्षांची नोंद त्याला विकत घेणाऱ्याकडेच राहावी, हे मला पटत नाही. डेटावादी या प्रश्नाकडे फिरकतही नाहीत.

प्रेक्षकाच्या बाजूने बोलणारेही चुकतात. ते माइक पियाझाचे उदाहरण देतात. १९८८ साली खेळाडू-निवडीच्या (ड्राफ्ट) ६२व्या फेरीत निवडला गेलेला हा कॅचर २०१६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. बघा, तज्ज्ञांना कळले नाही! पण असा युक्तिवाद प्रेक्षकाला पुन्हा ज्योतिष्याच्या पाटावर नेऊन बसवतो. हिरवळ, शेंगदाणे आणि बापलेकांच्या संध्याकाळी यांचा गोडवा गाणाऱ्यांना तर खेळाकडे बघायचेच नसते.

मला जो भेद महत्त्वाचा वाटतो तो पारख आणि साक्ष यांतला आहे. पारख सराफाची असते. तिच्या शेवटी भाव असतो. स्काउट २० ते ८० या पट्टीवर गुण देतो, ५० म्हणजे मेजर लीगची सरासरी. प्रत्येक कौशल्यापुढे आकडे दोन : आज किती आणि पुढे किती. त्याचे सारे कसब दुसऱ्या रकान्यात पणाला लागते, कारण क्लब पैसे मोजतो ते त्यासाठी. साक्षीदाराकडे पहिलाच रकाना आहे. कोर्टात साक्षीदाराला पुढे काय होईल असे कोणी विचारत नाही. तू तिथे होतास का आणि काय पाहिलेस, एवढेच विचारतात. त्याची साक्ष खोटी ठरू शकते, उलटतपासणीत कोसळू शकते, पण आरोपीचे पुढे काय झाले यावरून ती खरी-खोटी ठरत नाही. ‘होतकरू’ हा आपला शब्द मला इथे फार नेमका वाटतो. त्यात होणे चालू आहे, झालेपण नाही. पारखी माणूस त्या शब्दातले होणे ओलांडून पुढे जातो.

होणे ओलांडून पुढे बघण्याची ही सवय आपल्यालाही आहे. २००८ साली लखनौच्या क्रीडा वसतिगृहातले दोन भालाफेकपटू, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केले. पुढे त्यांच्यावर हॉलिवूडचा चित्रपटही निघाला. आपली उत्सुकता मात्र पोचले की नाही इथेच थांबली. डावखुरा रिंकू त्यानंतर काही हंगाम खालच्या पातळ्यांवर खरोखर खेळला. ज्याने आधी कधी बेसबॉल हातात धरला नव्हता, त्याचे पिचर होणे पाहिले ते वेस्ट व्हर्जिनियातल्या चार्ल्स्टनसारख्या गावांतल्या प्रेक्षकांनी. आपण ते पाहिले नाही आणि विचारलेही नाही.

साक्षीचे टोकाचे उदाहरण म्हणजे १८ एप्रिल १९८१ची रात्र. ऱ्होड आयलंडमधले पॉटकेट, पाहुणा संघ रोचेस्टर. मायनर लीगचा नऊ इनिंगचा सामना बरोबरीत अडकला तो सुटेना. पंचांच्या हातातल्या नियमपुस्तिकेत रात्री सामना थांबवण्याचे कलमच नव्हते. थंडी इतकी की खेळाडूंनी मोडक्या बॅटी जाळून शेकोटी केली. ३२ इनिंग झाल्यावर, पहाटे ४ वाजून ७ मिनिटांनी खेळ थांबला. तेव्हा आलेल्या १,७४० प्रेक्षकांपैकी १९ जण उरले होते. मैदानावर एका बाजूला कॅल रिपकेन, दुसऱ्या बाजूला वेड बॉग्ज, दोघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले. रिपकेनला पूर्ण सामन्यात तेरा प्रयत्नांत दोन हिट मिळाल्या. बॉग्जचा मायनर लीगमधला तो सहावा हंगाम होता. पारखणाऱ्याला त्या रात्रीत उचलण्याजोगे फारसे काही नव्हते.

उरलेला सामना २३ जूनला झाला. मेजर लीगचे खेळाडू तेव्हा संपावर होते, म्हणून देशभरचे पत्रकार पॉटकेटला लोटले आणि स्टेडियम भरले. ३३वी इनिंग १८ मिनिटांत आटोपली. विजयी फटका डेव्ह कोझाने मारला. तो मेजर लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. त्या फटक्याचे वर्णन अनेकांनी केले. पण त्याच सामन्यात, एप्रिलमधल्या त्या पहाटे, गारठलेल्या हातांनी कोझा प्लेटवर पुन्हा पुन्हा येत होता, तेव्हा तो कसा उभा राहत होता, हे सांगू शकतील असे बाकांवर एकोणीस जण होते.