पुन्हा पडणाऱ्याची प्रार्थना

आपल्या मंडळ्यांत एक गोष्ट वारंवार दृष्टीस पडते. एखादा बंधू प्रभुभोजनाच्या दिवशी सर्वांसमक्ष दारू सोडण्याचे किंवा भावकीतील वैर टाकून देण्याचे वचन देतो. महिना लोटतो न लोटतो तोच तो पुन्हा पडतो, आणि मग उपासनेस येईनासा होतो. उपदेशक घरी गेले म्हणजे तो म्हणतो, "गुरुजी, मी कोणत्या तोंडाने प्रार्थना करू? उद्या पुन्हा पडेन असे मन सांगते. मग आज देवापुढे हात जोडणे हे ढोंगच नव्हे काय?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्या मनुष्याला खोट्याची चीड आहे, म्हणूनच हा पेच त्याला पडला आहे.

ढोंग म्हणजे काय? जे आपल्या ठायी नाही ते आहे असे दाखविणे. प्रभूच्या दृष्टांतातील परूश्याने मंदिरात आपली पुण्याई मोजून दाखविली. जकातदाराने दूर उभे राहून केवळ दयेची याचना केली. 'उद्यापासून मी असा वागेन' असा एक शब्दही त्याच्या प्रार्थनेत नाही. तरी नीतिमान ठरून घरी गेला तो तोच. आपली दुर्बलता उघडी करणारी प्रार्थना ढोंग होऊ शकत नाही. ढोंग ती झाकण्यात आहे.

आपली चूक होते ती निराळ्याच ठिकाणी. आपण नवस सोडले खरे, परंतु आपल्या प्रार्थनेतून नवस गेला नाही. 'देवा, मी एवढे करीन, तू मला जवळ घे,' असा करार आपण मांडतो आणि तो मोडला म्हणजे देवाचे दार बंद झाले असे समजतो. पेत्रानेही मरेपर्यंत सोबत राहण्याची शपथ वाहिली होती. कोंबडा आरवण्यापूर्वी तो तीनदा पडला. पुढे समुद्रकिनारी प्रभूने त्याला तीनदा प्रश्न केला, तेव्हा त्याने नवी शपथ वाहिली नाही. प्रभू सर्वज्ञ आहे एवढ्यावरच त्याने आपली प्रीती सोपविली, आणि मेंढरे राखण्याचे काम त्याच्याच हाती आले.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. १८८९ साली त्यांनी मुंबईस शारदा सदन उघडले. एवढी विद्या व एवढी सेवा असूनही, धर्म स्वीकारला तरी त्या धर्माच्या प्रभूची खरी ओळख बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे आपणांस झाली नव्हती, अशी कबुली त्यांनी १९०७ सालच्या आपल्या साक्षीत दिली. अशा बाईंस रिकाम्या हातांनी देवापुढे यावे लागले, तर आपणांस त्याची लाज का वाटावी?

शेतकऱ्याची विहीर पावसाळ्यात गाळाने भरते. उन्हाळ्यात तो खाली उतरून गाळ उपसतो. 'पुन्हा गाळ बसणारच, मग उपसू कशाला?' असे म्हणून तो विहीर बुजवीत नाही. झरा त्याने निर्माण केलेला नाही. झऱ्याची वाट मोकळी करणे एवढेच त्याचे काम. प्रार्थनाही तशीच आहे. मात्र उपसलेला गाळ कोणी शहाणा पुन्हा विहिरीत लोटीत नाही. म्हणून क्षमा मागून उठलेल्याने गुत्त्याची वाट टाळावी, दुखविलेल्या भावाच्या दारी आजच जावे. कृपा ही पडण्याची परवानगी नव्हे, उठण्याचे बळ आहे.

उपदेशक बंधूंनो, अशा मनुष्याकडून प्रथम वचन मागू नका. त्याच्याजवळ गुडघे टेका, आणि त्याच्याबरोबर आपणही म्हणा:

'हे दयाळू पित्या, आमचे वचन टिकत नाही हे तू जाणतोस. तुला देण्याजोगे आमच्यापाशी काही नाही. आमच्या अंतःकरणातील गाळ तू काढ, तुझा झरा वाहू दे. आजचा एक दिवस आम्हांस सांभाळ. आणि पडलोच तर तुझ्यापासून दूर पळू देऊ नको, तुझ्याकडेच परत आण. येशूच्या नावाने मागतो. आमेन.'